पान पाहून काठी घ्यावी



आषाढात भाताची लावणी उरकली, श्रावणात बेणणी झाली, की वलवण, कार्ले, मळवली, कामशेत या टापूतील वाड्यावस्त्यांवर संध्याकाळी ढोल ऐकू येऊ लागतो. गौरी-गणपती तोंडावर आलेले असतात. माळ्यावरचे ढोल खाली येतात, ताशे पुसले जातात, झांजांना नवी दोरी ओवली जाते. मंडळाची बैठक बसते. ढोल किती काढायचे, नवी पाने कोठून आणायची, पोशाख कोणता, यावर तासभर चर्चा होते. काठीचा विषय मात्र निघत नाही. "काठीचं काय, कुठलीबी चालती," असे म्हणून तो मुलांवर सोडला जातो.

मुले मग हाताला लागेल ते उचलतात. कोणी कुदळीचा मोडका दांडा कापतो, कोणी नळाच्या पाइपचा तुकडा घेतो, कोणी कुंपणातली ओली फांदी तोडून आणतो. मिरवणूक रंगात येते आणि ऐन चौकात पान फुटते. ताशावाल्याची काडी चिरते आणि तिची सळ बोटात घुसते. दुसऱ्या दिवशी पोराचे मनगट सुजलेले असते आणि तोच हात पुढे भात कापणीला लागणार असतो. हे सारे नुकसान एका साध्या वस्तूमुळे होते. वर्गणी आपल्याच घरांतून आलेली असते आणि हातही आपल्याच मुलांचे असतात. म्हणून आज या लहानशा वस्तूविषयी चार कामाच्या गोष्टी सांगतो.

बियाणे घेताना आपण आधी जमीन पाहतो, पाऊस पाहतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी भात आला आणि मावळात घरोघर गेला, तो या मातीला आणि या पावसाला मानवला म्हणून. तेच वाण कोरडवाहू माळावर नेऊन पेरले तर दोष वाणाचा नाही, पेरणाऱ्याचा. काठीचेही तसेच आहे. वाईट काठी अशी फारशी नसते; चुकीच्या वाद्यावर पडलेली काठी मात्र पुष्कळ असते.

काठी आवाज कसा घडवते

मळवलीजवळच्या भाजे लेण्यात वाद्य वाजवणारी एक स्त्री कोरलेली आहे. तिची वाद्यजोडी हातांनी वाजवण्याची आहे. पखवाज, मृदंग, ढोलकी, तबला हीही हाताची वाद्ये. हाताला बोटे आहेत, तळवा आहे, मऊ भाग आहे, कठीण भाग आहे; त्यामुळे एकाच हातातून दहा तऱ्हेचे बोल निघतात. काठीला ही सोय नाही. तिचे टोक जसे असेल तसाच बोल निघणार. म्हणून हाताच्या वाद्यात कसब बोटांत असते, तर काठीच्या वाद्यात अर्धे कसब काठी निवडण्यात असते.

यामागचे कारण सोपे आहे. कठीण आणि बारीक टोक पानावर क्षणभरच टेकते आणि उडते. त्यामुळे पानातील बारीक, चढे कंप जागे होतात आणि आवाज कडक, टणक निघतो. मऊ आणि रुंद टोक पानावर थोडा जास्त वेळ राहते. तेवढ्यात चढे कंप दबतात, खालचे कंप उरतात आणि आवाज गोल, घुमारदार येतो. दगडी पाट्यावर लोखंडी हातोडी मारून पाहा, मग तीच कापडात गुंडाळून मारा. फरक कानाला लगेच कळेल.

पाश्चात्त्य वाद्यवृंदातही हाच अनुभव आहे. फ्रान्सचा संगीतकार बर्लियोझ याने १८३० सालच्या आपल्या एका मोठ्या रचनेत नगाऱ्यासारख्या वाद्यांना स्पंजाचे टोक असलेल्या काठ्या वापराव्यात, असे लिहून दिले होते. वाद्य तेच ठेवून नुसते टोक बदलले तरी सूर बदलतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

कोणत्या वाद्याला कोणती काठी

आपल्याकडील वाद्ये एकेक पाहू.

ढोल एका बाजूने हाताने आणि दुसऱ्या बाजूने टिपरूने वाजतो. टिपरू अंगठ्याएवढे जाड, गुळगुळीत आणि टोकाला गोल केलेले असावे. टोक सपाट कापलेले असेल तर त्याची धार पानात रुतते. नव्या पानावर अर्धचंद्रासारखे बारीक वण दिसू लागले तर समजावे, की टिपरूची कड बोलते आहे. ती त्याच दिवशी काचकागदाने घासून गोल करावी.

ताशाचे काम वेगळे. तेथे हात भरभर चालतो, बोल दाट पडतात. त्यासाठी दोन काड्या लागतात आणि त्या बारीक, हलक्या व लवचीक हव्यात. बांबूची किंवा वेताची काडी चांगली. ती पानावर पडली की आपणहून उसळते आणि पुढचा ठोका निम्म्या कष्टात पडतो. ताशाला जाड काठी म्हणजे शर्यतीच्या बैलाला नांगर जुंपण्यासारखे आहे.

गोंधळ्याचे संबळ पाहा. त्याच्या दोन काड्या एकसारख्या नसतात. एकीचे टोक वळलेले असते, दुसरी सरळ असते. वळलेली काडी खर्जाच्या भांड्यासाठी आणि सरळ काडी चढ्या भांड्यासाठी. पंजाबातील ढोलालाही एका बाजूला 'डगा' नावाची जाड, वाकडी काठी असते, तर दुसऱ्या बाजूला 'तीली' नावाची बारीक छडी. दोन मुलुख इतके दूर, भाषा वेगळी, पण जाणत्या वादकांनी उत्तर एकच काढले: खर्जाला जाड व वळलेली, चढ्या सुराला बारीक व सरळ.

हलगीवाल्याच्याही दोन काठ्या वेगळ्या. एक लांब, बारीक आणि दुसरी आखूड, जाड. बारीक काठी सतत झणझणत राहते, जाड काठी ठेका धरते. देवळातल्या नगाऱ्याला दोन भरदार लाकडी काठ्या लागतात. तमिळनाडूत नादस्वराच्या साथीला तविल वाजतो. त्याची आखूड, जाड काठी परसपिंपळाच्या लाकडाची करतात. जपानमधील मोठ्या ढोलांना कोठे ओकची कठीण काठी वापरतात, तर कोठे हिनोकी नावाच्या सुचिपर्णी झाडाची हलकी काठी. ज्या देशात जे झाड, त्या देशात त्याची काठी. मात्र निवड प्रत्येक ठिकाणी वाद्य पाहूनच झालेली आहे.

सैल पानाला जड काठी हे औषध नव्हे

आता आपल्या भागाच्या खऱ्या दुखण्याकडे वळू. लोणावळा-वलवण हा घाटमाथ्याचा पट्टा. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. टाटांनी खोपोलीच्या वीजघरासाठी वलवणला धरण बांधले ते याच पावसाच्या भरवशावर. जो पाऊस वीज देतो, भात देतो, तोच ढोलाचे पान सैल करतो. बकऱ्याचे चामडे हवेतील ओल पिते आणि ताण सोडते. भाद्रपदात सकाळी टणटणणारा ढोल संध्याकाळच्या धुक्यात 'भद भद' करू लागतो, हे आपण सर्वांनी ऐकले आहे.

आता पुढचा क्रम पाहा. पान सैल पडले की आवाज बसतो. आवाज बसला की मुलगा जोर वाढवतो. जोर पुरेना झाला की तो जास्त जाड टिपरू घेतो. सैल पान प्रत्येक ठोक्याला जास्त खोल दबते, कडेजवळ मुरगळते आणि अखेर तेथेच फुटते. म्हणजे दोष ओलीचा आणि शिक्षा पानाला.

कामशेतकडच्या एका वयस्क ढोलकऱ्याशी मागे बोलणे झाले होते. मी विचारले, "बाबा, पोरं टिपरू कसं निवडतात?" ते म्हणाले, "सायेब, पोरं दंड बघून काठी घेत्यात. पान बघून घ्याया पायजे. पान वरडत नसलं तर त्याला तापवा, दोरी वढा. मारून कुनी सरळ होत न्हाई, ना पोर ना पान." यापेक्षा नेमका सल्ला मला कोणत्या पुस्तकात मिळाला नाही.

तेव्हा आवाज बसला तर आधी दोऱ्या ओढाव्यात. पान शेकायचे असेल तर दुरून, मंद आचेवर, ढोल फिरवत शेकावा. हात धरवेल एवढीच ऊब हवी. ओले चामडे साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की ते कायमचे आकसते, कडक होते आणि मग तडकते. मिरवणुकीहून परतल्यावर ढोल चुलीच्या खोलीत, पण चुलीपासून लांब टांगावा आणि दोऱ्या थोड्या सैल कराव्यात.

आज पुष्कळ पथके प्लॅस्टिकची पाने वापरतात. अमेरिकेत १९५० च्या दशकात पॉलिएस्टरच्या पातळ पत्र्याची पाने निघाली आणि पुढे जगभर पसरली. या पानाला ओल बाधत नाही, हा मोठा फायदा. पण त्याचा आवाज मुळातच कडक असतो. त्यावर कठीण काठी पडली की कानात सुई गेल्यासारखे वाटते. प्लॅस्टिकच्या पानाला थोडे मऊ टोक द्यावे. टिपरूच्या टोकावर पातळ चामड्याची टोपी ओढून शिवली तरी पुष्कळ फरक पडतो.

लाकूड कोणते घ्यावे

ज्याने कुऱ्हाडीला दांडा बसवला आहे त्याला टिपरूचे लाकूड शिकवावे लागत नाही. दांड्याला जे गुण हवेत तेच येथे हवेत: रेघ सरळ, लाकूड चिवट, गाठ नाही, हादरा हाताला कमी. अमेरिकेत ड्रमच्या काठ्या हिकरी नावाच्या लाकडाच्या करतात. कुऱ्हाडीचे आणि हातोड्याचे दांडेही तेथे त्याच लाकडाचे असतात. हा योगायोग नाही.

आपल्याकडे धामण हे चिवट आणि लवचीक लाकूड. जुने लोक अवजारांचे दांडे त्याचेच करीत. बाभूळ जड आणि मजबूत. मोठ्या हाताच्या वादकाला आणि नगाऱ्याला चांगली. पेरूची सरळ फांदी फार उपयोगी. तिचा पोत बारीक असतो, ती सहसा चिरत नाही आणि बागेच्या छाटणीत ती फुकट मिळते. तुतीचे लाकूड वाकवायला सोपे असते. आपल्या देशात हॉकीच्या काठ्या तुतीच्या करतात, त्या त्याच गुणामुळे. रेशीम करणाऱ्या शेतकऱ्यांकडे छाटलेल्या तुतीला तोटा नाही. सुबाभूळ मध्यम वजनाची. शाळेतील मुलांना ती बरी. पांगारा मात्र काठीला घेऊ नये. तो हलका आणि ठिसूळ.

खैर फार जड. साग टिकाऊ खरा, पण काठीसाठी साग तोडण्याचे कारण नाही. साग, खैर, ऐन यांसारखी झाडे स्वतःच्या बांधावर असली तरी महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे ती तोडण्यास परवानगी लागते, हे विसरू नये. देवराईतील फांदीला तर हात लावूच नये. सुताराच्या कामातील तुकडे, बागेची छाटणी आणि बांधावरच्या बाभळीच्या फांद्या एवढ्यात सगळ्या पथकाच्या काठ्या निघतात.

लाकूड करवतीने कापण्यापेक्षा फाडून घ्यावे. फाडले की ते आपल्या रेघेने फुटते आणि काठीत रेघ टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. करवतीने रेघ तिरपी कापली जाते आणि काठी नेमकी तेथेच मोडते. ओल्या लाकडाची काठी करू नये. तुकडे सावलीत, वारा खेळेल असे रचून ठेवावेत आणि दर आठवड्याला वजन करावे. सलग दोन-तीन आठवडे वजन उतरले नाही, म्हणजे लाकूड वाळले असे समजावे. या वर्षीच्या गणपतीसाठी काठ्या हव्या असतील तर लाकूड उन्हाळ्याआधीच जमवावे लागते.

बांबू घेताना

ताशाच्या काड्यांसाठी बांबू उत्तम, पण तो पक्व हवा. एक वर्षाचा कोवळा बांबू वाळल्यावर सुरकुततो. तीन ते चार वर्षांचा घ्यावा. भरीव बांबू हवा असेल तर मानवेल आणि कोकणातील माणगा या दोन जाती ध्यानात ठेवाव्यात.

तोड पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावी. पावसाळ्यात नवे कोंब फुटत असतात. तेव्हा बेटाला धक्का लागतो. शिवाय बांबूत पिठूळ अंश जास्त असेल तर बारीक भुंगेरे लागतात. काडीला टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली आणि खाली पिवळसर भुकटी पडू लागली, की तो बांबू गेला. यावर जुना उपाय आहे. तोडलेले तुकडे दोन-तीन आठवडे पाण्यात, शक्यतो वाहत्या ओढ्यात बुडवून ठेवावेत. पिठूळ अंश धुऊन जातो आणि किडीचे खाणेच नाहीसे होते. मग सावलीत वाळवावेत.

२०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे बांधावर बांबू लावणे आणि तोडणे सोपे झाले आहे. चार बेटे लावली तर घराला, मांडवाला, टोपल्यांना आणि गावच्या ताशालाही पुरतात.

काड्या तयार झाल्या की त्यांना जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. ते वाळून कठीण होते. शेंगदाण्याचे किंवा गोडे तेल लावू नये. ते वाळत नाही, चिकट होते आणि पकड सुटते. एक सावधगिरी ठेवावी. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात.

वजनाचा हिशेब

आपण खताच्या गोणीचा हिशेब करतो तसा काठीचाही करून पाहू. काठी ४० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर जाड धरा. सागाची असेल तर तिचे वजन सुमारे ८० ग्रॅम भरेल, बाभळीची सुमारे १०० ग्रॅम आणि खैराची सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. माप तेच, वजन दीडपट.

जाडीचा हिशेब त्याहून फसवा आहे. जाडी २ सेंटिमीटरवरून अडीच केली तर वजन पाव पटीने वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात ते निम्म्याहून अधिक, म्हणजे ५६ टक्क्यांनी वाढते. डोळ्याला हा फरक जाणवत नाही, मनगटाला जाणवतो.

मिनिटाला १०० ठोके धरले तर तीन तासांच्या मिरवणुकीत १८,००० ठोके होतात. काठी फक्त २० ग्रॅमने जड असेल तर त्या तीन तासांत हाताने ३६० किलो वजन जास्त उचलले. म्हणजे पन्नास किलोची सात पोती, तीही एका मनगटावर. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडून आपण सात पोती उचलून घेऊ का? मग त्याला काठी देतानाही तोच विचार करावा.

लांबीसाठी सोपे माप असे: ढोलाचे टिपरू कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीएवढे घेऊन पाहावे आणि हाताला मानवेल तसे थोडे कमी-जास्त करावे. एकाच मापाच्या पन्नास काठ्या करून सर्वांना वाटू नयेत. आता मुलीही मोठ्या संख्येने पथकात येतात, शाळकरी मुले येतात. प्रत्येकाचा हात वेगळा. लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापे तरी ठेवावीत.

ताशाची जोडी मात्र सारख्या वजनाची हवी. किराणा दुकानातील काट्यावर जोडी लावून घ्यावी. काडी सरळ आहे की नाही हे पाहायचे तर ती सपाट पाटावर लोळवावी. वाकडी असेल तर ती उड्या मारीत जाते. काठी दगडी फरशीवर हळूच टाकून आवाज ऐकावा. निर्दोष लाकूड टणकन वाजते. आत चीर असेल तर आवाज फुटका येतो. अशी काठी चुलीत घालावी, मुलाच्या हातात देऊ नये.

आणि काठी घट्ट आवळून धरू नये. अंगठा आणि तर्जनी यांत तोलून, बाकीची बोटे नुसती टेकवून धरावी. ठोका पडल्यावर काठी परत येऊ द्यावी. आवळून धरली तर सगळा हादरा मनगटात आणि कोपरात जातो. तळहाताला फोड येणे हे शौर्याचे लक्षण नव्हे. पकड चुकल्याचे किंवा काठी जड असल्याचे ते लक्षण आहे.

झांज आणि गोळ्याची काठी

टाळ आणि झांज ही एकमेकांवर वाजण्याची जोडवाद्ये. त्यांना काठी लागत नाही. पण शाळेच्या बँडमध्ये आणि लग्नाच्या बँडमध्ये एकच झांज टांगून काठीने वाजवतात. तेथे फार नुकसान होते. चांगली झांज काशाची असते. साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील असा तिचा मेळ. हा धातू नाद फार देतो, पण ठिसूळ असतो. कठीण काठीने कडेवर सरळ घाव घातला की केसाएवढी चीर पडते आणि प्रत्येक ठोक्याने ती वाढत जाते.

टांगलेल्या झांजेला गोळ्याची मऊ काठी घ्यावी. ठोका सरळ न मारता किंचित तिरका, घसटता मारावा. मोठा ठोका मारण्याआधी एक-दोन हलके ठोके देऊन झांज जागी करावी. देवळातला पितळी तास वाजवतानाही असेच करावे. त्याला लाकडी मोगरी पुरते, लोखंडी पहार नको. झांजेची जोडी वाजवतानाही दोन्ही ताटल्या अगदी समोरासमोर आपटू नयेत. मध्ये हवा कोंडते आणि आवाज दबतो. एक थोडी वर, एक थोडी खाली, अशी वाजवावी. चीर पडलीच तर ती झांज ताबडतोब बाजूला ठेवून कासाराला दाखवावी.

गोळ्याची काठी विकत घेण्याची गरज नाही. ती घरी होते. सुताराकडून लिंबाएवढा लाकडी गोळा करून घ्या आणि त्यात काठी घट्ट बसवा. जुन्या घोंगडीची दोन बोटे रुंद पट्टी कापा. ती गोळ्यावर सारखी ताणून तीन-चार वेढे द्या आणि जाड दोऱ्याने शिवा. वरून घोंगडीचाच गोल तुकडा घालून मानेशी दोरा आवळून बांधा. झांजेला एवढा गोळा पुरतो. शाळेच्या मोठ्या ड्रमला मोसंबीएवढा करावा आणि वेढे वाढवावेत. सुती कापड वापरू नये. ते ठोक्याने दबून दगड होते. लोकरीला उसळी असते, ती टिकते. कवायतीच्या लहान ड्रमला मात्र गोळा नको. तेथे बारीक, गोल टोकाच्या सरळ काठ्याच हव्यात. हे काम घरातील आजी आणि नातवंडे मिळून एका दुपारी करू शकतात. २६ जानेवारीला शाळेच्या पटांगणावर तो ड्रम वाजेल तेव्हा त्यात त्यांचाही वाटा असेल.

कानाचे पीक पुन्हा येत नाही

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काठी जितकी कठीण आणि जड, तितका आवाज टोकदार आणि तितका कानाला धोका. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसावा, असे प्रमाण मानले जाते. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. ढोल-ताशाच्या घोळक्यात आवाज १०० च्या पुढे सहज जातो. त्यात आपली मुले चार-चार तास असतात.

भाताचा कोंब मोडला तर बाजूने फुटवा येतो. कानाच्या आतील केसासारख्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहणे, माणसांचे बोलणे अस्पष्ट ऐकू येणे, ही धोक्याची घंटा आहे. कापसाचे बोळे फारसे उपयोगी पडत नाहीत. औषधांच्या दुकानात फोमची कर्णबुचे स्वस्तात मिळतात. ती पिळून बारीक करून कानात घालावीत आणि फुगू द्यावीत. वादकाला ठेका त्यातूनही नीट ऐकू येतो. ताशावाल्याने तर ती घालावीतच, कारण ताशाचा आवाज सर्वांत तीक्ष्ण आणि तोही त्याच्या कानाच्या जवळ. तान्ह्या मुलाला घेऊन ढोलाच्या पुढे उभे राहू नये. सरावाची जागा बंद खोलीत नव्हे, मोकळ्या मैदानात असावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर वाजवण्यावर बंधन आहे. म्हातारी माणसे आणि आजारी माणसे यांचा विचार करूनही ते पाळावे.

मंडळाने एवढे करावे

दर वर्षी माघ-फाल्गुनात, लग्नसराईच्या आधी, गावच्या सुताराला बोलावून पुढील हंगामाच्या काठ्या सांगून ठेवाव्यात. कोणत्या वाद्याला किती आणि कोणत्या मापाच्या, हे वहीत लिहावे. प्रत्येक काठीवर वादकाची खूण करावी, म्हणजे ज्याची काठी त्याच्याच हातात राहते. मिरवणुकीला निघताना दर ताशामागे एक जादा जोडी आणि दर पाच ढोलांमागे दोन जादा टिपरू पिशवीत असावीत. पाइपचे तुकडे आणि लोखंडी सळ्या पथकात येऊच देऊ नयेत. परतल्यावर काठ्या पुसून, चिरलेल्या बाजूला काढून, उरलेल्या कोरड्या जागी आडव्या ठेवाव्यात. उभ्या टेकवून ठेवल्या तर पावसाळ्यात वाकतात.

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मावळ-मुळशीची ढोल-लेझीम पथके वर्षानुवर्षे वाजवीत आली आहेत. नंतर शहरातल्या मुलामुलींची मोठमोठी पथके निघाली. त्यांच्याकडे ढोल जास्त, पोशाख भारी. आपल्या पोरांनी त्यांच्याशी जोराची स्पर्धा करण्याचे कारण नाही. वीस ढोल नीट ताणलेले, काठ्या तोललेल्या आणि हात एक असतील, तर त्यांचा ठेका पन्नास बेसूर ढोलांवर मात करतो. पान शाबूत राहते, वर्गणी वाचते आणि मिरवणुकीनंतर तोच हात विळा धरायला धड राहतो.

येत्या रविवारी माळ्यावर चढा आणि आपल्या घरातले टिपरू खाली काढून पाहा. टोकाला बोट फिरवा, फरशीवर टाकून ऐका, काट्यावर घाला. ते ज्याच्या हातात जायचे आहे त्याचा हात पाहा आणि ज्याच्यावर पडायचे आहे ते पान पाहा. मग ठरवा.